दोघांचे गाणे

ख्रिस पेरी आणि लोर्ना ह्या गोमंतकीय जोडीच्या गाण्यांवर जव्हारकडच्या एका मास्तरणीने लिहायला बसावे, हे पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, काहींना हसू येईल. दोन्ही गोष्टी मी समजू शकते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता त्याला दहावी म्हणतात. पण आमच्या घरात आजोबांच्या तोंडचा शब्द अजून चालू आहे. मी एका लहानशा शाळेत मुलांना शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, आणि संगीताचे म्हणाल तर शाळेच्या पेटीवर प्रार्थनेचे सूर धरण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही.

परंतु नाच म्हणजे काय, हे आमच्या मुलखाला कोणी शिकवायला नको. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत नवे भात हाती आले की तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण एवढ्या सामानातून हे वाद्य तयार होते. तारपकरी मध्ये उभा राहून फुंकर घालतो आणि त्याच्याभोवती बायकामाणसे हातात हात गुंफून फेर धरतात. सूर पालटला की पावले पालटतात. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांना 2026 साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली, तेव्हा शहरांतल्या पुष्कळांनी तारप्याचे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. आम्ही मात्र ते कानांत घेऊनच वाढलो. आमच्याकडे एखादा सूर चांगला की वाईट, हे ठरवायची रीत सोपी आहे. पाय उठले तर चांगला, न उठले तर वाईट. आजच्या लेखातही मी प्रथम तीच कसोटी लावणार आहे आणि मग ती कुठे अपुरी पडते ते सांगणार आहे.

ह्या जोडीची गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती गोव्यात नव्हे, वसईत. वसई आम्हांला परकी नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात आणि 2014 पासून पालघर जिल्ह्यात आम्ही एकत्रच आहोत. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या भावाचे लग्न होते. संध्याकाळी मांडवात बँड लागला. दोनचार गाणी झाली आणि मग एका गाण्याची पहिली ओळ उठताच, इतका वेळ खुर्च्यांवर बसून राहिलेली वयस्क मंडळी एकदम उठली. लाल लुगडे नेसलेल्या एक आजी नातवाचा हात धरून पुढे झाल्या आणि इतक्या तालात नाचल्या की मी हातातला केकचा तुकडा खायचा विसरले. माझे पायही खुर्चीखाली हलत होते. गाणे संपल्यावर मी बाईंना विचारले, ‘‘हे कसले गाणे हो?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हे होय? ‘बेबदो’. म्हणजे दारुडा.’’

मी चकित झाले. दारुड्याच्या गाण्यावर आजीबाईंनी नातवाला घेऊन नाचावे! घरी आल्यावर मी ते गाणे मिळवून पुन्हा पुन्हा ऐकले. मग दुसरे ऐकले, तिसरे ऐकले. कोंकणी ही स्वतंत्र भाषा. 1992 साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला मानाची जागा मिळाली आहे. तरीही मराठी कानाला ती निम्मी कळते, आणि उरलेली निम्मी आवाजावरून समजून घ्यावी लागते. ह्या गाण्यांच्या बाबतीत ही अडचण मला लाभाचीच ठरली. शब्द सुटत होते, म्हणून आवाज निसटू दिला नाही.

आता ही दोन माणसे कोण, ते सांगितले पाहिजे. ख्रिस पेरी हे मूळचे परेरा. जन्म 1928 सालचा, मडगावच्या बोर्डा भागातला. ट्रम्पेट हे त्यांचे मुख्य वाद्य, सॅक्सोफोनही ते वाजवीत. शिवाय चाली बांधणे, गीते लिहिणे आणि वाद्यवृंद चालवणे ही सारी कामे ते एकहाती करीत. लोर्ना कोर्देरो ही त्यांच्याहून सुमारे अठरा वर्षांनी लहान, मुंबईत वाढलेली मुलगी. शाळकरी वयातच ती त्यांच्या वाद्यवृंदात गाऊ लागली. मुंबईत चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातले ‘व्हेनिस’, कलकत्त्याचे ‘फिर्पो’ अशा ठिकाणी रात्री जेवणाऱ्या आणि नाचणाऱ्या मंडळींसमोर ही दोघे कार्यक्रम करीत. एच.एम.व्ही.ने त्यांच्या कोंकणी गाण्यांच्या तबकड्या काढल्या आणि त्या घरोघरी गेल्या. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘तुजो मोग’, ‘लिस्बोआ’, ‘नाचूंया कुंपासार’ ही नावे आजही गोव्यात लहान मुलांना ठाऊक असतात. साठीच्या दशकात सुरू झालेली ही जोडी सत्तरीच्या आरंभी फुटली. म्हणजे सारा मामला जेमतेम एका दशकाचा.

एवढ्या थोड्या काळात ह्या दोघांनी काय केले, हे समजण्यासाठी त्यांच्या मागे उभी असलेली माणसे पाहिली पाहिजेत. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ही विद्या घेऊन पुष्कळ तरुण मुंबईला आले, धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या कुडीत पथाऱ्या टाकून राहिले आणि हॉटेलांच्या बँडमध्ये व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा किती जणांनी आपल्या आवडत्या गाण्यांना वाद्यांचा साज चढवला! पण गाणे ओठांवर आले की आपण गायकाचे नाव घेतो, संगीतदिग्दर्शकाचे घेतो, फार तर नायिकेचे घेतो. ह्या लोकांचे नाव घेत नाही. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ निघाला. त्यातल्या नायकाने उच्चारलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव संगीतकार प्यारेलाल ह्यांच्या व्हायोलिनच्या गुरूचे आहे, हे नाचणाऱ्या प्रेक्षकांपैकी कितीकांना माहीत होते?

अशा ह्या दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या, पडद्यामागच्या बिरादरीतून ख्रिस पेरी आले. त्यांनीही हिंदी चित्रपटसंगीतात काम केले. पण त्यांची खरी कामगिरी अशी की, जे संगीत ते रात्री इंग्रजीत वाजवीत होते, ते त्यांनी दिवसा आपल्या मातृभाषेत आणले. ‘कुंपास’ ह्या एका शब्दात ही सारी हकीकत साठवलेली आहे. ताल ह्या अर्थाचा हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘कोम्पासो’वरून आला, कोंकणीच्या तोंडी बसला आणि मुंबईच्या नाचघरात ट्विस्टच्या ठेक्यावर चढला. तिन्ही ठिकाणच्या हवेने त्याचे काही बिघडले नाही.

इथे कोणी सोवळा रसिक म्हणेल, ‘‘बाई, हे सगळे उसने! चा-चा-चा क्यूबाचा, जॅझ अमेरिकेचा, ट्रम्पेट साहेबाचा. ह्यात गोव्याचे काय?’’ हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, पण तो मान्य होत नाही. आपल्या नाट्यसंगीताकडेच पाहा. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यांच्या पाठीशी हिंदुस्थानी बंदिशींचे केवढे भांडार होते! साथीची पेटी तर युरोपातून आलेली. तरी त्या पदांना आपण आपलीच म्हणतो आणि ते योग्यच आहे. उसने आणलेले पीठ कुठल्या गिरणीचे होते हे भाकरी खाताना कोणी विचारीत नाही. भाकरी कोणाच्या हाताची, हे मात्र जिभेला कळते.

तेव्हा ह्या भाकरीची चव पाहू. प्रथम चाल. ख्रिस पेरींची चाल एका ऐकण्यात पाठ होते, आणि दहाव्या ऐकण्यात कंटाळा आणीत नाही. हे जमणे कठीण आहे. सोपे ते लवकर शिळे होते हा नित्याचा अनुभव. त्यांचे रहस्य मला असे वाटते की, ते चालीत जागा मोकळी ठेवतात. आपल्या वाद्यवृंदाचा प्रमुख, स्वतः उत्तम वाजवणारा, असा माणूस साहजिकच सगळीकडे आपले वाद्य घुसवील. पेरी तसे करीत नाहीत. लोर्ना गात असताना ट्रम्पेट बहुतेक गप्प असते. ती ओळ संपवून श्वास घेते तेवढ्यात ते दोन शब्द बोलून जाते. पुढे त्याची पाळी येते तेव्हा ते मोकळेपणाने बोलते आणि पुन्हा बाजूला होते. एखाद्या सुखी घरातले जेवणावेळचे संभाषण असावे तसे हे चालते. कोणी कोणाचे वाक्य तोडीत नाही.

मग आवाज. लोर्नाचा आवाज गोड नाही, आणि हे मी स्तुतीदाखल म्हणते आहे. आपल्याकडे बाईचा आवाज म्हटला की तो पातळ, निर्मळ, कोवळा असावा अशी अपेक्षा असते. हा आवाज भरदार आहे, त्याला जरा खर आहे, आणि तो कोणाची परवानगी मागत नाही. ‘बेबदो’मध्ये ती शब्द जरासे ओढते, जरासे घोळवते, आणि झिंगलेल्या माणसाची चाल आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात थट्टा आहे; पण थट्टेच्या तळाशी, अशा माणसाबरोबर ज्यांना दिवस काढावे लागतात त्यांचा थकवाही आहे. दारूने घर कसे बसते, हे कोणत्या गावाला ठाऊक नाही? वसईच्या मांडवातल्या त्या आजीबाई कशासाठी नाचत होत्या, ते मला इथे उमगले. रडून झालेल्या गोष्टीवर माणूस शेवटी नाचूही शकते. ‘नशिबाक रडटा’ हे नावच पाहा. नशिबाच्या नावाने रडण्याचे. पण ह्या गळ्यातून त्याचे रडगाणे होत नाही. ही बाई रडते तीदेखील ताठ मानेने.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हे परीक्षण राहणार नाही, आरती होईल. ह्या गाण्यांत काही अशी आहेत की त्यांत शब्द केवळ ठेका भरून काढण्यासाठी आले आहेत असे वाटते. प्रेम, चंद्र, समुद्र, विरह हे ठरलेले सामान पुन्हा पुन्हा मांडलेले दिसते. काही चालींवर हॉटेलातल्या त्या रात्रींचा वास राहिला आहे. लोक जेवताहेत, गाण्याने फार लक्ष मागू नये, अशा बेताने त्या बांधलेल्या आहेत. दुसऱ्या कोणी त्या गायिल्या असत्या तर त्या नाच संपताच विरून गेल्या असत्या. आणि उलटही खरे आहे. ह्या आवाजाला ह्या चाली मिळाल्या नसत्या, तर तो परक्या भाषेतली परक्यांची गाणी गात राहिला असता. ह्याचा अर्थ असा की हे गाणे त्याचे नाही आणि तिचेही नाही. ते दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

माझ्या मताने ह्या जोडीच्या कर्तृत्वातली मुख्य गोष्ट हीच आहे. तिचे मोल मला कळले ते एका अगदी वेगळ्या जोडीमुळे. हल्ली आमच्या शाळेच्या संमेलनात नाचासाठी मुले मोबाइलवरून कुठली कुठली गाणी शोधून आणतात. एका वर्षी थोरल्या मुलांनी एक परदेशी गाणे आणले. यंत्राचा धाडधाड ठेका, एक बाई तेच तेच दोन शब्द जोरात गाते, एक पुरुष मध्येच भराभरा बोलून जातो. पाय उठले, हे कबूल करते. ते गाणे ‘नो लिमिट’, आणि गाणारी जोडी ‘टू अनलिमिटेड’. युरोपात 1990 नंतर युरोडान्स म्हणून नाचगाण्याची जी लाट आली, तिच्यातली ही अतिशय गाजलेली जोडी. अनिता डोथ ही मुलगी आणि रे स्लाइनगार्ड हा मुलगा, दोघेही हॉलंडचे. पण गाण्यांचे कर्तेधर्ते निराळेच होते. बेल्जियममधल्या दोन निर्मात्यांनी ठेके तयार केले आणि त्यांना आवाज व चेहरे हवेत म्हणून ह्या दोघांना पुढे उभे केले. 1993 साली ‘नो लिमिट’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी की, इंग्लंडसाठी काढलेल्या तबकडीतून त्या मुलाचे बोल जवळजवळ सगळे कापून टाकले होते. नाव दोघांचे, आणि त्यातला एक जवळजवळ मुका!

1996 साली ती दोघे बाहेर पडली. निर्मात्यांनी 1998 साली त्याच नावाखाली दोन नव्या मुली आणून उभ्या केल्या. दुकानाची पाटी कायम, गल्ल्यावरची माणसे नवी. पण पहिल्यासारखा धंदा झाला नाही. लोकांना वाटले होते की आपण ठेक्यावर नाचतो आहोत; ती माणसे गेल्यावर कळले की आपण माणसांबरोबर नाचत होतो. यंत्राच्या ठेक्यालाही माणूस लागतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तथापि त्या सगळ्या व्यवहारात, गळा म्हणजे बदलता येण्याजोगा एक सुटा भाग, ही समजूत होती. ख्रिस पेरी आणि लोर्ना ह्यांच्या बाबतीत ती समजूत एक क्षणही टिकत नाही. इथे चाल बांधणारा पडद्यामागे लपलेला नाही. तो ट्रम्पेट घेऊन तिच्या शेजारी उभा आहे. आणि तिच्या जागी दुसरी उभी करता येत नाही.

मग ही जोडी फुटल्यावर काय झाले? त्या दोघांच्या खाजगी आयुष्याविषयी पुष्कळ कहाण्या सांगतात. पेरी विवाहित होते, प्रेम होते, भांडण होते, करार होता, अट होती. मी त्यात शिरणार नाही. गाणे ऐकणाऱ्याने गाणाऱ्याच्या माजघरात डोकावू नये, असे मला शिकवलेले आहे. मी फक्त जे सर्वांसमोर घडले ते सांगते. पेरी पुढेही संगीत करीत राहिले. 1977 सालच्या ‘भुंयारांतलो मुनीस’ ह्या पहिल्या रंगीत कोंकणी चित्रपटाला त्यांचेच संगीत होते. लोर्ना मात्र रंगमंचावरून नाहीशी झाली. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाहीत, वीस वर्षांहून अधिक. ऐन पंचविशीच्या सुमारास थांबलेला तो आवाज लोकांनी पुन्हा ऐकला तो 1995 साली. रॉनी मोन्सेरात ह्या संगीतकाराने तिला पुन्हा गायला लावले आणि ‘हॅलो लोर्ना’ हा गीतसंग्रह निघाला. ती परत आली तेव्हा जुनी गाणी लोकांना तोंडपाठ होती. ज्यांनी तिला कधी पाहिले नव्हते, तेही बरोबर गात होते. पेरी 2002 च्या जानेवारीत वारले.

पुढे बार्द्रॉय बार्रेतो ह्यांनी ह्या दोघांच्या कथेवर बेतलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट काढला. त्यातली जुनी गाणी पुन्हा वाजवून, पुन्हा गाऊन घेतली आहेत. 2014 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला आणि नायिकेचे काम करणाऱ्या पालोमी घोष ह्यांचा खास उल्लेख झाला. चित्रपट देखणा आहे, आणि नव्या पिढीपर्यंत गाणी पोचवण्याचे त्याचे उपकार मोठे आहेत. माझी तक्रार चित्रपटापेक्षा आपण प्रेक्षकांविषयी आहे. आपण त्यातून एक दुःखी प्रेमकथा तेवढी घेऊन घरी येतो. ‘‘बिचारी!’’ म्हणून सुस्कारा टाकला की आपले काम झाले. प्रेमकथा तुटली, हे दुःख त्या दोघांचे. परंतु एक आवाज वीस वर्षे गायिला नाही, हे नुकसान सर्वांचे आहे. ती वीस वर्षांची गाणी कोणत्याच तबकडीवर नाहीत. त्यांचे परीक्षण कोणाला लिहिता येणार नाही.

हे लिहिताना माझा हात अडखळतो, त्याचे कारण आता सांगते. ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. आवाज असा की ती प्रार्थना म्हणू लागली की वऱ्हांड्यातला शिपाई झाडू थांबवी. मी तिच्यासाठी गाणी लिहिली, चाली लावल्या, शाळा सुटल्यावर पेटी घेऊन तिला बसवले. दोन वर्षे संमेलनात आमच्या दोघींचे गाणे झाले. तालुक्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. लोक मला म्हणाले, ‘‘बाई, गाणे छान बसवलेत.’’ ‘‘मुलगी छान गायली,’’ असेही म्हणाले असतील. पण मला ते ऐकू आले नसावे.

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, ‘‘बाई, यंदा मी आमच्या पाड्यावरचे गाणे म्हणू? माझी आजी म्हणते ते.’’ दुसऱ्या एका गुरुजींनी तिला त्यासाठी ढोलकीची साथ करण्याचे कबूलही केले होते. मला राग आला. आज मी त्याला राग म्हणते; तेव्हा मी त्याला शिस्त म्हटले. ‘‘म्हणायचे असेल तर आपले गाणे म्हण, नाहीतर यंदा बस,’’ असे मी तिला सांगितले. ‘आपले’ हा शब्द मी वापरला. ती बसली. काही बोलली नाही. संमेलनात दुसऱ्या मुलीने माझे गाणे म्हटले आणि ते पडले. पुढल्या वर्षी दिवाळी झाली आणि, आमच्याकडची पुष्कळ घरे जातात तसे, तिचे घर वीटभट्टीच्या कामावर निघून गेले. ती पुन्हा शाळेत आली नाही.

ती गायिली असती तर वीटभट्टी चुकली असती, असे मी म्हणत नाही. तेवढे सामर्थ्य गाण्यात असते तर आमचे डोंगर केव्हाच सुखी झाले असते. पण तिचे शाळेतले अखेरचे संमेलन तिने प्रेक्षकांत बसून काढले, आणि ते माझ्यामुळे. दोन वर्षांमागे मोखाड्याच्या स्टँडवर ती मला भेटली. कडेवर मूल होते. तिने वाकून नमस्कार केला. मी विचारले, ‘‘गातेस का गं अजून?’’ ती हसली. ‘‘पोराला निजवताना म्हणते बाई. आजीची.’’ आणि थोड्या वेळाने, मला वाईट वाटू नये म्हणून, ‘‘तुमचेपण एक येते थोडे थोडे.’’ एवढ्यात तिची गाडी लागली.

तेव्हापासून ‘गाणे कोणाचे?’ हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही. चाल बांधणारा मोठा असतो. त्याच्यावाचून गाणे जन्माला येत नाही. पण गाणे बांधले म्हणजे गळाही आपला झाला, असे त्याला वाटू लागले की तिथे गाण्याची वाट बंद होते. हे नाचघरात घडते, तबकड्यांच्या कारखान्यात घडते, आणि चौथीपर्यंतच्या शाळेच्या वऱ्हांड्यातही घडते. गोव्याच्या त्या दोघांत असे घडले की नाही, हे त्यांचे त्यांना ठाऊक. माझ्या वऱ्हांड्यात ते घडले, हे मला ठाऊक आहे. त्यांची गाणी मी ऐकते तेव्हा मला पेरींच्या थोरवीची खूण त्या ट्रम्पेटच्या थांबण्यातच दिसते. निदान गाणे चालू असेपर्यंत तरी त्या वाजवणाऱ्याला दुसऱ्यासाठी जागा सोडणे जमले होते. मला तेवढेही जमले नाही.

आरंभी मी म्हटले, पाय उठले तर सूर चांगला. ती कसोटी मी मागे घेत नाही. पण तिला एक जोड देते. आमच्या तारप्याच्या नाचात तारपकऱ्यावाचून एक पाऊल पडत नाही. तो नेईल तिकडे फेर वळतो. तरीही नीट पाहिलेत तर दिसेल की नाचणाऱ्यांपैकी कोणाचाही हात त्याच्या हातात नसतो. त्याचे दोन्ही हात तारप्यावर असतात. हात गुंफलेले असतात ते नाचणाऱ्यांचे, एकमेकांत. ज्या कोणा पूर्वजांनी ही रीत घातली, त्यांना गाण्याबजावण्यातले पुष्कळ कळत असले पाहिजे.

फराळ आटोपून घरची मंडळी निवांत बसली की ह्या दिवाळीत ‘बेबदो’ लावून पाहा. आजींनाही बोलवा. शब्द निम्मेच कळतील, त्याची काळजी करू नका. ओळ संपते, ती श्वास घेते आणि ट्रम्पेट हळूच दोन शब्द बोलते, तेवढी जागा तेवढी चुकवू नका. यंदाच्या संमेलनासाठी मी एकही गाणे लिहिलेले नाही. पाड्यांवरच्या आज्यांकडून गाणी आणायला मुलींना सांगितले आहे. आतापर्यंत सात आली आहेत. पेटीवर त्यांतले एकही मला अजून धड वाजवता येत नाही. मुली मला शिकवताहेत.